सातवा गठ्ठा

सातवा गठ्ठा आता जगात कुठेच नाही हे कळलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि आदल्या दिवशीच्या रंगपंचमीचा रंग देवासच्या त्या कॉलनीच्या रस्त्यावर तसाच होता. मुंबईहून आलेला मार्तंड पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून प्रेमलाची पक्की वही वाचत होता. तो गणितातला माणूस. तीन वर्षं त्याची आणि प्रेमलाची पत्रं चालली होती, पण भेट कधी झाली नव्हती, आणि आता होणारही नव्हती. प्रेमला जाऊन दोन महिने झाले होते. तिचं काम छापण्यासारखं आहे, वह्या बघायला येतो, असं त्याने तिच्या नवऱ्याला, शरदला, कळवलं होतं आणि त्याप्रमाणे तो आला होता. शरद समोर बसून त्याचं वाचणं बघत होता. मार्तंड मधूनमधून मान हलवत होता आणि ती खूण बरी आहे असं शरदला वाटत होतं. त्रेसष्टाव्या पानावर मान हलायची थांबली. मार्तंडने पान उलटलं, परत मागे आणलं. "इथे चौथं प्रमेय मांडलंय," तो म्हणाला, "आणि खाली लिहिलंय, सिद्धतेसाठी कच्चा गठ्ठा सात पाहा, पान एक्केचाळीसपासून. तो गठ्ठा द्याल का?" "वहीत नाही ते?" शरदने विचारलं. "वहीत नुसतं विधान आहे. पहिल्या तिन्हींच्या सिद्धता आहेत. ही लांब असेल, उतरवायची राहिली असेल. पण मुख्य हीच. बाकीची तीन हिच्यासाठीच केलेली दिसतात." "कच्चे कागद नाहीत," शरद म्हणाला. "मग कुठे ठेवलेत?" "जाळले." मार्तंड थोडं हसला, नीट ऐकू आलं नाही की माणूस हसतो तसं. मग त्याने वही मांडीवर मिटली. "सगळे?" "सगळे. सात गठ्ठे होते."

चहा करायला म्हणून शरद आत गेला आणि गॅस न पेटवता ओट्यापाशी उभा राहिला. जाळले हा शब्द तोंडातून किती सरळ गेला होता. दोन महिन्यांत त्याला एकदाही वाटलं नव्हतं की आपण काही वावगं केलं. उलट तेवढं एक काम नीट झालं असंच त्याच्या मनात होतं. साड्या तिच्या बहिणीला, अलकाला, औषधं दवाखान्यात परत, पुस्तकं कॉलेजात, पक्की वही कपाटात, आणि कच्चे कागद भट्टीत. तो कारखान्याच्या टूलरूमचा फोरमन. चौऱ्याहत्तर साली त्याच्या हाताखालच्या एकाने जुन्या कच्च्या ड्रॉइंगवरून डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, केली होती. पक्कं ड्रॉइंग तयार होतं, पण कच्चं टेबलावर पडून राहिलं होतं, आणि दोन्हींत एका मापाचा फरक होता. ती डाय प्रेसवर चढली आणि प्रेस चालवणाऱ्या फत्तेसिंगची डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून शरदने नियमच केला: पक्कं ड्रॉइंग तपासून झालं की कच्चं त्या दिवशी, स्वतःच्या हाताने, पोलाद कडक करण्याच्या भट्टीत. एका कामाचे दोन कागद ठेवायचे नाहीत. लोक हसत. फत्तेसिंग हसत नसे. आणि प्रेमलाचे ते गठ्ठे तरी कशाचे होते? शरदनेच घरी आणलेल्या रद्द ड्रॉइंगचे. नियमाप्रमाणे तेही जाळायचे, पण पाठीमागची कोरी बाजू वाया जाते म्हणून ती मागून घ्यायची. मोठ्या कागदाचे चार तुकडे करायची, दाभणाने भोकं पाडून दोऱ्याने शिवायची आणि वर नंबर घालायची. एका बाजूला गिअरचे दात, दुसऱ्या बाजूला तिचे आकडे. प्रेमलाचा चौदावा दिवस झाल्यावर कामावर रुजू होताना त्याने ते दोन पिशव्यांत भरून नेले. जिथून आणले तिथे परत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भट्टीचं दार फत्तेसिंगने उघडलं. वरचा गठ्ठा उलटा करून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "भिया, ये तो भाभी की लिखावट है." "रफ है," शरद म्हणाला. "फेअर कॉपी घर पे है." "तो भी भिया..." "फत्तेसिंग, दार धर." त्याने दार धरलं, तीन बोटांच्या हाताने.

प्रेमला धारची. तिचे पूर्वज पवारांच्या दरबाराबरोबर कधीतरी माळव्यात आलेले, कारागीर लोक. वडील मोरोपंत बुकबाईंडर. आधी दरबारचं दप्तर बांधायचे, मग कचेऱ्यांचं, शाळांचं. घरात वडिलांना दादासाहेब म्हणायची पद्धत होती, आणि मराठी अशी की सांगलीकडून नोकरीसाठी आलेल्या शरदला पहिल्या भेटीत वाटलं, ही माणसं पोथी वाचताहेत की काय. पण तीच प्रेमला दुकानात गेली की "भिया, सही भाव लगाओ" म्हणायची, आणि चिडली की एका वाक्यात तीन भाषा. उज्जैनला एम.एस्सी. झालेली, देवासच्या कॉलेजात शिकवायची. लग्न अडुसष्टचं. मूल झालं नाही. तिच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने खराब झालेली होती आणि डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं. कॉलेजातून आली की स्वयंपाक होईपर्यंत ती ओट्याशेजारच्या टेबलावर लिहीत बसायची. सुरुवातीला शरदला वाटे, पेपर तपासते. लग्नाला सहा-सात वर्षं झाल्यावर एकदा त्याने विचारलं, हे चाललंय तरी काय. तिने काड्यापेटी टेबलावर ठेवली. "हिला आधी पुढे पाड, मग उजवीकडे वळव. बघितलंस कशी बसली? आता परत पहिल्यासारखी ठेव. आधी उजवीकडे वळव, मग पुढे पाड." पेटी वेगळी बसली. "यात काय," शरद म्हणाला, "हे आमच्या टूलरूममधल्या कोणालाही माहीत आहे. सेटिंगचा क्रम चुकला की जॉब बाद." ती इतकी खूश झाली की पोळी करपली. "मग तू माझ्या एम.एस्सी.च्या पोरांपेक्षा पुढे आहेस. आता ऐक. पूर्ण वळणं जमली की त्याला ग्रूप म्हणतात. पण पूर्ण वळवायचं नाही, वळवायला नुसती सुरुवात करायची, असं धर. त्या सुरुवातींचंही एक गणित असतं, क्रम बदलला की किती फरक पडतो ते मोजणारं. ली अल्जिब्रा. सुरुवातींवरून पूर्ण वळणं परत बांधायची, हे काम. दिशा मोजक्या असल्या तर ते झालेलं आहे, पुस्तकात आहे. माझ्या दिशा संपतच नाहीत." "मग कशाला त्या वाटेला जायचं?" "देखो तो! आहेत म्हणून. अनंत आहेत म्हणून नाहीत असं थोडंच होतं?"

नंतर कित्येक संध्याकाळी तिने त्याला थोडंथोडं सांगितलं होतं. काही दिशा अशा असतात की तिथल्या कुठल्याही वस्तूला त्या दिशेने ढकलत राहिलं की ती काही पावलांत शून्यावर येते. त्या पावलांची बेरीज थांबते, म्हणून पूर्ण वळण करता येतं. काही दिशा थांबतच नाहीत, त्यांचं वळण बनत नाही. थांबणाऱ्या घ्यायच्या आणि त्यांच्यापासून ग्रूप बांधायचा. "आणि न थांबणाऱ्यांचं काय?" त्याने विचारलं होतं. "त्या घरातच असतात, पण त्यांच्या हाताला धरून कुठे जाता येत नाही." पण हा ग्रूप उभा करायला त्याला कुठेतरी काम करताना बघावं लागतं, आणि अशी कामाची ठिकाणं पुष्कळ. प्रश्न असा की एका ठिकाणी वळणांची एखादी रांग सगळं जागच्या जागी आणत असेल, तर तीच रांग दुसऱ्या ठिकाणीही आणते का. "म्हणजे या मशीनवर शून्याला आलेला जॉब त्या मशीनवर शून्याला येतो का," शरद म्हणाला. "हेच! अगदी हेच!" "नाही येत. प्रत्येक मशीनला थोडी ढील असतेच." ती म्हणाली, "असते. पण ढीलच असते, दुसरं काही नसतं, हे मला दाखवायचंय." ते चौथं प्रमेय. आता ओट्यापाशी उभं राहून त्याला हे सगळं शब्दाला शब्द आठवत होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. एक्केचाळिसाव्या पानावर काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने गठ्ठे भरताना एकही उघडला नव्हता. उघडला असता तर? उघडून तरी त्याला काय कळणार होतं? पण निदान पान जाड भरलेलं होतं की अर्ध्यावर सोडलेलं, एवढं तर कळलं असतं.

मार्तंड दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जायचा होता, तो आणखी दोन दिवस राहिला. "तुमच्याशी बोलायच्या का त्या याबद्दल?" त्याने विचारलं, आणि शरद बोलायला लागला. काड्यापेटी, थांबणाऱ्या दिशा, ढील. मार्तंड लिहून घेत होता. टूलरूममधला माणूस आपल्याला गणित सांगतोय याचं त्याला हसू आलं असतं तर शरदला राग आला नसता, पण तो हसला नाही. एकदाच म्हणाला, "साहेब, पत्रात त्या मला हे असं कधी सांगत नव्हत्या. पत्रात सगळं चिन्हांत." शरदला त्यात थोडं सुख वाटलं आणि लगेच लाज वाटली. मग त्याला गेल्या दिवाळीची गोष्ट आठवली. धारला, जेवताना, प्रेमला मध्येच ताटावरून उठून म्हणाली होती, "रांग किती लांब ते मोजतच नाही बसायचं. ती वस्तूला किती खाली नेते, ते मोजायचं." हे ऐकून मार्तंडने पेन खाली ठेवलं. तो दुपारभर लिहीत राहिला. संध्याकाळी म्हणाला, दोन पायऱ्या जमल्या, तिसरीवर अडतोय. दुसऱ्या दिवशीही तिसरीवरच. "इथे त्यांच्याकडे काहीतरी होतं, जे माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "किंवा..." आणि थांबला. शरदने किंवा काय असं विचारलं नाही. निघताना मार्तंड म्हणाला, "तीन प्रमेयं उतरवून घेतलीत, ती त्यांच्या नावाने छापतो. चौथं प्रश्न म्हणून घालतो. टीप लिहितो, सिद्धतेचे कागद उपलब्ध नाहीत." "उपलब्ध नाहीत असं लिहू नका," शरद म्हणाला. "नवऱ्याने जाळले असं लिहा." "शोधनिबंधात असं लिहीत नाहीत, शरदराव." "का? खरं आहे." "खरं आहे म्हणूनच," मार्तंड म्हणाला आणि बॅग उचलली.

पुढच्या रविवारी शरद धारला गेला. मोरोपंतांना सांगायचं होतंच, पण एक आशाही होती. प्रेमलाच्या पक्क्या वह्या तेच बांधून द्यायचे, कोऱ्या, कापडी पुठ्ठ्याच्या. पुठ्ठा जाड करायला आत रद्दी कागदांचे थर चिकटवतात, हे शरदने पाहिलं होतं, आणि प्रेमला नको असलेले कागद त्यांना त्यासाठी देत असे. सातव्याचे काही कागद त्यात गेले असतील तर? वही मांडीवर घेऊन तो बसमध्ये बसला होता. घाटाबिल्लोदच्या पुढे बस कुठेशी थांबली, लोक पाणी प्यायला उतरले, आणि तिथे, काही कारण नसताना, त्याला इंदूरच्या दवाखान्यातली ती दुपार आठवली. आठवली म्हणणं खरं नाही. ती तिथे होतीच. तो तिच्या शेजारून जात होता, एवढंच. प्रेमलाला श्वास घ्यायला तीन उशा लागत होत्या. तो तिला मोसंबं सोलून देत होता. ती म्हणाली, "सातव्यात एक जागा मला खटकतेय." "कसली जागा?" "तिसऱ्या पायरीला मी काहीतरी गृहीत धरलंय. बहुतेक चालेल. नाही चालणार. घरी गेले की बघते." "आता ते सोड," तो म्हणाला होता. तिने मोसंब्याची फोड घेतली आणि सोडलं. नऊ दिवसांनी ती गेली. म्हणजे भट्टीपुढे उभा होता तेव्हा त्याला हे माहीत होतं. कच्च्यात एक खटकणारी जागा आहे आणि पक्की वही स्वच्छ आहे, एका ओळीची खाडाखोड नाही. जे तपासाबाहेरचं आहे ते लोकांच्या हाती जाता कामा नये. त्याने तिच्या चुकीचा कागद जाळला होता. तिला सांभाळायला म्हणून. आणि जाळला तो चुकीचा कागद नव्हताच कदाचित. तो एकमेव कागद होता. बस सुरू झाली तेव्हा शेजारच्या माणसाने विचारलं, "तबीयत ठीक नी हे कई, भिया?" शरद म्हणाला, ऊन लागलंय.

मोरोपंत पंचाहत्तरीला आलेले, पण अजून सकाळी दोन तास बाईंडिंगला बसत. धाकटी मुलगी अलका त्यांच्याजवळ राहायची, हिंदी शाळेत शिकवायची. तिने वही हातात घेतली, पहिलं पान वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "जिजाजी, ताईचं मराठी मला हळूहळू वाचावं लागतं. आणि गणित तर बिलकुल नाही. ये तो डबल मार है." शरदने भट्टीचं सांगितलं. बसमधलं नाही सांगितलं. मोरोपंतांनी ऐकून घेतलं. पुष्कळ वेळ ते हातातला दोरा मेणावरून ओढत राहिले. मग म्हणाले, "शरदराव, आमच्या धंद्यात कच्चं पक्कं असं नसतं. कागद आला की बांधायचा. तुमच्या धंद्याची रीत वेगळी." "पुठ्ठ्यात काही असेल का, दादासाहेब?" त्यांनी वही घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पाणी लावून कापड सोडवायला बसले. खळीने घट्ट झालेले थर एकेक करून सुटत होते. खळीतल्या मोरचुदाचा निळसर रंग कागदांना चढलेला. आतून निघाल्या कॉलेजातल्या पोरांच्या हिंदी उत्तरपत्रिका, एका पंपाच्या ड्रॉइंगचा कोपरा, आणि तिसऱ्या गठ्ठ्याची दोन पानं, जी पक्क्या वहीत आधीच उतरवलेली होती. बस. मागचा पुठ्ठाही तसाच. अलका चहा घेऊन आली तेव्हा सगळी बैठक ओल्या कागदांनी भरली होती. "ही वही मी दसऱ्याला बांधली," मोरोपंत म्हणाले. "सातवा तिने दिवाळीनंतर धरला. त्यात नसणार, हे ठाऊकच होतं." "मग कापलीत कशाला?" "मी नाही म्हटलं असतं तर तुमचा विश्वास बसला असता? तुम्ही घरी जाऊन स्वतः कापली असती, आणि चुकीची कापली असती." अलका हसली आणि मग तोंड वळवून आत गेली. मोरोपंतांनी विचारलं, "तिची खात्री होती ना त्याबद्दल? त्या सातव्याबद्दल?" शरदने ओले कागद गोळा करायला घेतले. "होती," तो म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलवली आणि वहीला नवे पुठ्ठे चढवायला घेतले. पहिल्यापेक्षा चांगले चढवले. दुसऱ्या वर्षी ते गेले.

निबंध ब्याऐंशीत छापून आला. मार्तंडने एक प्रत पाठवली. प्रेमलाचं नाव एकटं, वर, इंग्रजी अक्षरांत. शरदने ती टूलरूममध्ये नेली. फत्तेसिंगने दोन्ही हातांनी धरून पाहिली आणि विचारलं, "भाभी ने इसमें कई बनाया, भिया?" शरदने सांगितलं, पूर्ण वळणं, जिथे दिशा संपत नाहीत तिथली. फत्तेसिंग म्हणाला, "फिर तो बड़ी चीज है." नंतरची वर्षं कामाची गेली. नवी मशीनं आली, कच्ची ड्रॉइंगं येत राहिली, आणि ती भट्टीत टाकायला शरद दुसऱ्याला सांगू लागला. नियम त्याने मोडला नाही, पण दार उघडलं की तो बाहेर जाऊन उभा राहायचा. कोणी विचारलं नाही. घरी कधीकधी तो काड्यापेटी टेबलावर ठेवून पाडून बघायचा, पुढे, उजवीकडे, उजवीकडे, पुढे. तिसऱ्या पायरीला काय गृहीत धरलं असेल? तो धातूचा माणूस, त्याला एवढंच कळे की खटकणारी जागा दोन प्रकारची असते. एक, हात लावला की बसते. दुसरी, हात लावला की सगळं मोडतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. ही कुठली होती हे प्रेमलाने बघायचं ठरवलं होतं, आणि बघण्यासाठी जे हवं होतं ते त्याच्या हातून गेलं होतं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात मार्तंडचं पत्र आलं. परदेशातल्या दोघांनी चौथ्या प्रमेयासारखंच काही सिद्ध केलं आहे, त्याने लिहिलं होतं, अगदी वेगळ्या रस्त्याने. म्हणजे विधान खरं होतं. वहिनींचं म्हणणं बरोबर निघालं, हे तुम्हाला आधी कळवतो. पण त्या दोघांचा रस्ता लांब आहे, पुष्कळ जुळवाजुळव करावी लागते. वस्तू किती खाली जाते ते मोजण्याचा वहिनींचा रस्ता साधा होता, तो पूर्ण जात असेल तर. मी आता या विषयावर एक लेख लिहितो आहे आणि त्यात लिहू इच्छितो की याची पहिली पूर्ण सिद्धता देवासच्या एका बाईंकडे एकोणीसशे ऐंशीत होती. कागद नाहीत तेव्हा साक्ष एकट्या तुमची. सिद्धता पूर्ण झाली असं त्या स्वतः मानत होत्या का? एका ओळीत हो किंवा नाही कळवा, मी तसं लिहितो.

शरदने पत्र दोनदा वाचलं. हो लिहिलं तर तिचं नाव राहतं, आणि ज्या माणसाने आयुष्यभर न तपासलेल्या कागदावर सही केली नाही त्याची सही त्याखाली जाते. नाही लिहिलं तर ते खरंही नाही. बहुतेक चालेल, असंही ती म्हणाली होती. बहुतेक चालेल, नाही चालणार, दोन्ही एका श्वासात, आणि श्वास तिला पुरत नव्हता. ती घरी आली असती तर एका संध्याकाळी तिने बघून टाकलं असतं आणि त्याला सांगितलं असतं, आणि त्याला ते काड्यापेटीएवढं तरी समजलं असतं. जे होतं तसंच लिहावं, दवाखाना, तीन उशा, तिसरी पायरी, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण तसं लिहिलं की पुढचं वाक्यही लिहावं लागतं: हे मला जाळण्याआधी माहीत होतं. त्याने कारखान्याच्या पॅडचा कागद घेतला, वर तारीख घातली, प्रिय मार्तंड एवढं लिहिलं. आता मार्च चालू आहे. मार्तंडचं स्मरणपत्र येऊन आठ दिवस झाले, लेख छापखान्यात जायचा आहे. उत्तर लिहायचं राहिलं आहे.